अब्बांच्या हातची माती

माणूस गेल्यावर त्याने जसे ठेवले तसेच ठेवायचे, यालाच एहतराम म्हणावे का? हा प्रश्न आमच्यापुढे आला तो एका कुंडीमुळे.

बुलढाण्याच्या आमच्या घरी अब्बांनी वडाचे बोन्साय वाढवले होते. घाटाखालच्या शेतातली काळी माती, तीत थोडा मुरूम. दर दोन वर्षांनी मृगाच्या तोंडावर ते झाड कुंडीतून काढत, मुळे छाटत, माती बदलत. ते गेले आणि आम्ही कुंडीला हात लावणे सोडले. अब्बांच्या बोटांनी दाबलेली माती उकरायची कशी? सहा वर्षे नुसते पाणी घातले.

मग पाणी वरच साचू लागले. पाने पिवळी पडून गळू लागली. झाड काढून पाहिले तर मातीचा दगड झालेला, मुळे कुंडीच्या कडेने गोल फिरून एकमेकींत गुंतलेली. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आवळते. शिवारात तिच्या भेगांत पाऊस शिरतो, कपाशीची मुळे खोल जातात. उथळ कुंडीत जायचे कुठे? हवा कोंडते, मुळे कुजतात. शेतातले झाड आपली वाट आपण शोधते. कुंडीतल्या झाडाला माणसाचा हात लागतो. त्याला लहान आपण केले, तेव्हा जबाबदारीही आपलीच.

जपानात मेपलचे कोंब फुगले, पण पाने अजून उघडली नाहीत, अशा वेळी माती बदलतात. हिरोशिमाच्या यामाकी घराण्याचा पांढरा पाइन १६२५ पासून जोपासलेला. १९४५ च्या अणुबॉम्बमधूनही तो वाचला आणि १९७६ मध्ये अमेरिकेला भेट दिला गेला. पहिल्या माणसाची माती कुणी बदललीच नसती, तर ही अमानत पुढच्या पिढीपर्यंतही पोहोचली नसती.

अम्मी म्हणाल्या, "तुमचे अब्बा असते तर एव्हाना तीनदा खुरपे घेऊन बसले असते."

आम्ही वरमलो. अब्बांची माती जपता जपता अब्बांची रीत मात्र आम्ही मोडली होती. वडीलधाऱ्यांच्या कित्येक गोष्टी आपण अशाच दगड होईपर्यंत जपतो आणि त्यालाच निष्ठा म्हणतो.

पण सगळे एका दिवसात धुऊन टाकणे हेही शहाणपण नव्हे. मुळे फार छाटली तर झाड दगावते. आणि कात्री चालवावी ती वर्षभर पाणी घालणाऱ्याने. ज्याचा झाडावर जीव नाही, त्याच्या हाती ती देऊ नये.

आम्ही कुजलेली मुळे काढली, बाकीची जपून छाटली. मुरूम, विटांचे बारीक तुकडे आणि पालापाचोळ्याचे खत घालून कुंडी भरली. बुंध्याजवळची मूठभर जुनी माती तशीच राहू दिली. उरलेली अम्मींनी अंगणातल्या सीताफळाच्या बुडाशी पसरली.

दोन वर्षांनी, मृगाच्या तोंडावर, आम्ही घातलेली मातीही काढावी लागेल. ती काढताना आमचा हात अडखळू नये, एवढेच.