बाबांचं हेल्मेट आणि माझी वितंडा

मध्यंतरी मी तर्कदोषांची यादी जवळपास पाठ केली होती. मुद्दा सोडून माणसावर घसरणं, समोरच्याच्या म्हणण्याचं बुजगावणं करून त्यालाच झोडपणं, 'सगळेच करतात'. एकदा नावं कळली की हे दोष सगळीकडे दिसायला लागतात. आमच्या फॅमिली ग्रुपवर तर रोज सकाळी चहाच्या आधी. ('तेव्हा तुम्ही कुठे होतात?' एवढ्या एका प्रश्नावर आपली निम्मी राजकीय चर्चा चालते.)

तर हेल्मेटचा विषय निघाला. सेकंड शिफ्ट असली की बाबा रात्री उशिरा हायवेवरून स्कूटरने घरी येतात. हेल्मेट डिकीत.

"तीस वर्षं गाडी चालवतोय. काही झालं का मला?"

मी तयारच होते. दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वाल्ड नावाच्या गणितज्ञाकडे अमेरिकेच्या लष्कराचा एक प्रश्न आला होता, तो मी त्यांना ऐकवला. मोहिमेवरून परत आलेल्या विमानांना कुठे किती गोळ्या लागल्यात याची नोंद होती. मग जाड पत्रा कुठे लावायचा? जिथे भोकं जास्त तिथे, असं कुणालाही वाटेल. पण ही नोंद परत आलेल्या विमानांची होती. इंजिनावर गोळी लागलेली विमानं परत आलीच नव्हती, म्हणून त्यांची भोकं मोजलीच गेली नव्हती. "तसंच, 'मला काही झालं नाही' हे सांगायला ज्यांना काही झालं नाही तेच उरतात, बाबा."

"आणि तू तरी कुठे घालतेस, क्लासला जाताना?"

"हा 'तूही तसाच' नावाचा दोष. मी घालत नाही म्हणून तुम्ही घालू नये, असं सिद्ध होत नाही."

"बरं," म्हणाले आणि टीव्हीसमोर जाऊन बसले. दोन-शून्य. दुसऱ्या दिवशी हेल्मेट डिकीतच.

आता बघा, 'तूही तसाच'मधला दोष 'तू घालत नाहीस'पासून 'मी घालायला नको' इथवर मारलेल्या उडीत आहे. 'तू घालत नाहीस' हे वाक्य मात्र शंभर टक्के खरं होतं. दोषाचं नाव घेऊन मी त्या खऱ्या वाक्यातून निसटले होते.

हे टोचत होतं, तेव्हाच न्यायदर्शनाबद्दल वाचत होते. फसव्या कारणांना तिथे हेत्वाभास म्हणतात. न्यायसूत्रात त्यांचे पाच प्रकार आहेत. पहिला सव्यभिचार : दिलेलं कारण दोन्ही बाजूंना लागू पडतं, त्यामुळे ठरत काहीच नाही. बाबांची तीस वर्षं याच जातीची. हेल्मेट बिनकामाचं असतं तरी ती तशीच गेली असती, आणि कामाचं असूनही तशीच जाऊ शकतात. शब्दांच्या कसरतीला छल म्हणतात. वात्स्यायनाच्या भाष्यात त्याचं गमतीदार उदाहरण आहे. कुणी म्हणतं, हा मुलगा नवकंबल आहे, म्हणजे याची घोंगडी नवी आहे. समोरचा म्हणतो, नऊ कुठायत? एकच तर दिसते! (संस्कृतात 'नव' म्हणजे नवं आणि नऊसुद्धा.) आजच्या कमेंटबॉक्समध्ये हा माणूस सहज खपून जाईल.

पण मला अडवलं ते त्याच्या आधीच्या वर्गीकरणाने. चर्चेचे तीन प्रकार. खरं काय ते शोधायला करतात तो वाद. जिंकण्यासाठी करतात तो जल्प. आणि स्वतःचं काहीच न मांडता फक्त समोरच्याचं पाडायचं, ती वितंडा. 'वितंडवाद' आपण सर्रास म्हणतो, पण मला वाटायचं त्याचा अर्थ आरडाओरडा. मी तर आवाजही चढवला नव्हता. एकही चुकीचं विधान केलं नव्हतं. तरी ती वितंडाच होती, कारण माझं म्हणणं मी मांडलंच नव्हतं. सेकंड शिफ्टच्या रात्री स्कूटरचा आवाज येईपर्यंत मला झोप लागत नाही, हे माझं म्हणणं. वाल्डचा त्यात काही संबंध नाही.

पुढच्या रविवारी तेवढंच सांगितलं. आणि उद्यापासून मीही घालते म्हटलं. बाबा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्या जड टोपड्याने मान धरते गं माझी. सकाळी वळवता येत नाही."

म्हणजे कारण होतं. तीस वर्षांचं कारण त्यांनी पुढे केलं होतं, कारण मान दुखते हे मुलीला सांगण्यापेक्षा ते सोपं. आणि मी ते पाडण्यात इतकी रंगले की त्याच्यामागे दुसरं काही असेल, हे विचारलंच नाही. माणसं पहिल्यांदा देतात ते कारण बऱ्याचदा खरं नसतंच. मीही देत नाही.

संध्याकाळी दोघं दुकानात गेलो. बाबांनी पाच-सहा हेल्मेटं डोक्यावर चढवून, मान डावीकडे-उजवीकडे फिरवून पाहिली. एक हलकं निघालं. तरी घुटमळत होते. दुकानदार म्हणाला, "काका, बिनधास्त घ्या. सगळे हेच नेतात."

"हां, मग द्या," बाबा म्हणाले.

हे कारण यादीत कुठे बसतं ते मला तोंडपाठ होतं. आयएसआयचा शिक्का तेवढा बघून घेतला आणि क्यूआर स्कॅन केला.