यादीतले नाव आणि घराचा उंबरठा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर उद्ध्वस्त झाला. त्याचे हादरे आमच्या अंबाजोगाई, परळीकडेही जाणवले. संकटात माणसाला भाकरीच्याही आधी आपल्या माणसाची खबर हवी असते, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. तारा तुटतात, फोन मुके होतात, तेव्हा अशी खबर पोचवणारी माणसे म्हणजे हौशी रेडिओचालक, ज्यांना ‘हॅम’ म्हणतात. २००१ च्या भूज भूकंपात त्यांनी हे काम केले. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद यांचा हॅम गट पोर्ट ब्लेअरमध्येच होता. तिथून त्यांनी बेटांवरच्या माणसांची खुशाली नातलगांना कळवली.

हॅम होण्यासाठी परीक्षा देऊन सरकारचा परवाना घ्यावा लागतो. अर्जात नाव येते, घराचा पत्ता येतो. पूर्वी जगभरच्या परवानाधारकांचे पत्ते ‘कॉलबुक’ नावाच्या जाड पुस्तकात छापत. त्यामागचा हेतू निर्मळ होता. हवेतून बोलणे झाले की दोघे एकमेकांना आठवणीचे कार्ड टपालाने धाडत. पत्ता म्हणजे दोस्तीचे आमंत्रण होते. आज अमेरिकेत परवानाधारकाचे नाव आणि टपालाचा पत्ता सरकारी संकेतस्थळावर कोणीही पाहू शकतो. माहिती तीच, पण चार हौशींच्या कपाटातले पुस्तक वेगळे आणि जगातल्या प्रत्येक भल्याबुऱ्याच्या हाती पडलेली यादी वेगळी. सरकारला दिलेला पत्ता जगाला दिला, असे मानायचे का?

हा प्रश्न हॅम लोकांपुरताच असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. आमच्या जिल्ह्यातले लाखो मजूर दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि घराला कुलूप लागते. अशा कुटुंबांची नावे गाववार जाहीर झाली, तर मदत देणाऱ्याला लाभार्थी दिसेल आणि चोराला रिकामे घर दिसेल. यादी एकच, वाचणारे दोन.

मुसलमानांना तर हे नव्याने सांगायला नको. जानेवारी २०२२ मध्ये ‘बुल्ली बाई’ नावाच्या अॅपवर मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे मांडून त्यांच्या लिलावाचा किळसवाणा खेळ झाला. ती छायाचित्रे आधीपासून उघड होती, एवढ्याने तो गुन्हा हलका होतो काय? दार उघडे दिसले म्हणून आत शिरण्याची इजाजत मिळत नाही. सूरह नूरमध्ये परक्या घरात विचारल्याशिवाय जाऊ नये आणि परत जा म्हटले तर परतावे, अशी ताकीद आहे. घराच्या भिंती आता विटांच्याच उरलेल्या नाहीत. नाव, पत्ता, आजार, छायाचित्र यांनाही उंबरठा आहे.

पण दुसरी बाजू टाळणे बेइमानीचे ठरेल. सगळेच झाकले तर गरिबाचे काय? बिहारच्या मतदार यादीच्या फेरतपासणीत सुमारे ६५ लाख नावे मसुदा यादीत आली नाहीत. तेव्हा १४ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती नावे कारणांसह जाहीर करायला सांगितले. तिथे प्रसिद्धी हीच ढाल होती. रेशनचे धान्य कोणाच्या नावावर उचलले गेले, हेही यादी उघडी असल्याशिवाय कळत नाही.

२०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला. पण जी माहिती जाहीर करणे एखाद्या कायद्यानेच बंधनकारक केले आहे, ती या कायद्याच्या संरक्षणाबाहेर राहते. शिवाय याच कायद्याने माहिती अधिकारातले वैयक्तिक माहितीचे कलम बदलले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल लागू झाला. सार्वजनिक हितासाठी अशी माहिती देण्याची त्या कलमातली तरतूद गेली. दुसऱ्या कलमाचा आधार अजून आहे, तरी नकार देणे सोपे झाले. दुबळ्याचा पत्ता उघडा आणि साहेबाची फाइल झाकलेली, असा उलटा न्याय होण्याची आम्हाला भीती वाटते.

मग कसोटी कोणती? ती आमच्या बीडनेच दाखवली आहे. ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये काढली जात असल्याची ओरड झाल्यावर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. हा आकडा जगापुढे यायलाच हवा होता. पण त्यासाठी एकाही बाईचे नाव चव्हाट्यावर आणण्याची गरज नव्हती. जाब विचारायचा तो कापणाऱ्या हाताला, कापल्या गेलेल्या देहाला नव्हे.

हाच नियम आम्ही हॅमच्या यादीला लावू. लहरींवर कोण बोलतो आहे, त्याला परवाना आहे की नाही, हे लोकांना कळावे. त्याला त्याचे हाकेचे चिन्ह पुरे आहे. घराचा पत्ता कार्यालयात राहावा आणि द्यायचाच असेल तर त्या माणसाला विचारून द्यावा. ज्याला दोस्तीचे कार्ड हवे आहे, तो आपणहून पत्ता सांगेल.

सरकारी दप्तरातले नाव ही अमानत आहे. अमानत सांभाळणाऱ्याने हिशेब उघडा ठेवावा आणि ठेव मात्र झाकून ठेवावी.