भरवशाची गाडी

वय वाढत गेले की माणसाच्या गरजा कमी होत जातात, असे आपण प्रवचनांतून नेहमी ऐकत आलो आहोत. माझा अनुभव नेमका उलट आहे. पंचविशीत मी घोंगडीवर गाढ झोपत असे आणि एस.टी.च्या शेवटच्या बाकावर हिसके खात रात्रीचा प्रवास करीत असे. आज अडुसष्टाव्या वर्षी मला पाठीशी उशी लागते आणि खुर्चीतून उठताना हात टेकवायला आधार लागतो. मन निरिच्छ होत असेलही. देह मात्र दिवसेंदिवस अधिक मागणी करू लागतो. या मागण्यांपैकी कोणत्या पुरवाव्यात आणि कोणत्या नाकाराव्यात, हा प्रश्न माझ्यापुढे एका मोटारीच्या खरेदीच्या निमित्ताने उभा राहिला. साहित्याच्या पानांवर मोटारीची चर्चा करतो म्हणून वाचकांनी क्षमा करावी. परंतु आमच्या घरी गेले वर्षभर दुसरी चर्चाच नव्हती.

निवृत्तीनंतर आम्ही उभयता चकलांब्याला, माझ्या मूळ गावी येऊन राहिलो. हे गाव बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात, अहिल्यानगर जिल्ह्याच्या सीमेच्या बाजूला आहे. भोवती कपाशीची काळी जमीन. पावसाळ्यात हीच माती चाकांना धरून ठेवते आणि उन्हाळ्यात तिच्या भेगांत रस्त्याच्या कडा खचतात. पत्नीच्या दोन्ही गुडघ्यांना संधिवाताने ग्रासले आहे. तिला उपचारासाठी कधी बीडला, तर कधी छत्रपती संभाजीनगरला न्यावे लागते. आमची जुनी छोटी मोटार इतकी बुटकी होती, की तीत बसणे म्हणजे विहिरीत उतरणे आणि बाहेर येणे म्हणजे विहिरीतून वर चढणे. तेव्हा थोडी उंच, बसायला सुखाची आणि रस्त्यात दगा न देणारी गाडी घ्यावी, असा विचार सुरू झाला. अशा गाड्यांना हल्ली सरसकट एसयूव्ही म्हणतात. या नावात ‘स्पोर्ट’ हा शब्द दडलेला आहे. अडुसष्टाव्या वर्षी मी कोणता खेळ खेळणार आहे, हे विक्रेत्याला विचारायचे राहून गेले!

मराठवाड्यात या जातीच्या वाहनाचा जन्म चैनीतून झालेला नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत महिंद्रांनी विलिस जीप जुळवून विकायला प्रारंभ केला आणि तिच्याच वंशातल्या गाड्या पुढे खेड्यापाड्यांतून काळी-पिवळी होऊन धावल्या. दहा जणांच्या जागेत पंधरा-वीस माणसे बसत आणि दोन-चार मागे लोंबकळत. १९९४ मध्ये पुण्याहून टाटा सुमो आली. ‘सुमो’ हे नाव जपानी मल्लांचे वाटते, पण ते सुमंत मूळगावकर या आपल्याच माणसाच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ठेवलेले आहे. २००० मध्ये बोलेरो आली आणि २००२ मध्ये स्कॉर्पिओ. सुमोचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. बोलेरो मात्र आजही आमच्या भागात भाकरीइतकी परिचित आहे. ही वाहने उंच झाली, ती रस्ता वाईट होता म्हणून. भक्कम चासीवर बांधली गेली, ती माणसे आणि पोती एकत्र वाहून न्यायची म्हणून. पुढे कधीतरी याच उंचीचे प्रतिष्ठेत रूपांतर झाले. आज पुढाऱ्याच्या मागे धावणाऱ्या पांढऱ्या गाड्यांचा ताफा पाहिला, की ही एकेकाळची ओझेवाहू जनावरे आहेत हे आठवावे लागते.

आराम आणि चैन यांतली सीमारेषा कोठे आखावी? मी प्रथम किमतीवरून आखू पाहिली. ती आखता येईना. पत्नीच्या गुडघ्याला सोसेल अशा उंचीचे आसन, पाय ठेवायला पायरी आणि दाराशी धरायला मूठ, एवढे असले की तिचा चेहरा वेदनेने आक्रसत नाही. याला चैन म्हणण्याचे धारिष्ट मला होत नाही. उलट, छतात उघडझाप करणारी काच नसली म्हणून कोणाचे काही अडत नाही. परंतु ज्या गावातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास नवराबायकोची जोडी एक ‘कोयता’ म्हणून मुकादमाची उचल घेते आणि भांडीकुंडी व लेकरांसह ट्रॉलीवर बसून साखर कारखान्यांच्या मुलखाला निघते, त्या गावात माझ्या कमरेच्या सुखासाठी काही लाख रुपये खर्च करणे मला सहजासहजी पचेना.

अशा वेळी आपल्या लोकांना मदर तेरेसांचे उदाहरण हटकून आठवते. १९६४ च्या डिसेंबरात, मुंबईच्या आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेनंतर, पोप सहावे पॉल यांनी आपल्या वापरातील पांढरी लिंकन मोटार त्यांना भेट दिली. त्यांनी ती वापरली नाही. तिची सोडत काढली आणि आलेला पैसा कुष्ठरोग्यांच्या वसाहतीसाठी लावला. हे उदाहरण थोर आहे. पण ते माझ्या उपयोगाचे नाही, असे मी संकोचाने म्हणतो. मदरांनी स्वतःचे सुख सोडले. मी गाडी नाकारली, तर सोडले जाईल ते पत्नीचे. दुसऱ्याच्या गुडघ्यांवर केलेला त्याग फार स्वस्त असतो.

मला अधिक जवळची वाटली ती दयाळू शोमरोन्याची गोष्ट. आपण ती ऐकतो तेव्हा तेल, द्राक्षारस आणि धर्मशाळेचे भाडे आपल्या लक्षात राहते. त्याने जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवले, एवढे म्हणून आपण पुढे जातो. परंतु जनावर एकच असेल, तर पुढची सारी वाट शोमरोनी पायी चालला असला पाहिजे. त्याच्याजवळ वाहन होते याबद्दल गोष्टीत कोठेही दोष दिलेला नाही. प्रश्न त्यावरून उतरण्याचा होता.

शोरूममध्ये तरुण विक्रेता मोठ्या पडद्याचे आणि छताच्या काचेचे गुण सांगत होता. पत्नीने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, “यात कुणाला आडवे निजवता येईल का?” तो गोंधळला. खेड्यात राहिलेल्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून महाराष्ट्रात आहे आणि तिने पुष्कळ जीव वाचवले आहेत. तरीही रात्री दोन वाजता कोणाच्या छातीत दुखू लागले, की लोक आधी ज्याच्या दारात गाडी उभी आहे त्याचे दार वाजवतात.

येथवर माझे मन बरेच निश्चिंत झाले होते. गाडी चार जणांच्या उपयोगी पडेल, म्हणजे ती घेण्यात पाप नाही, असा हिशेब मी मांडला होता. परंतु एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. मागच्या हिवाळ्यात मी एकदा दिवेलागणीला गेवराईहून परतत होतो. समोरून येणाऱ्या वाहनाच्या दिव्यांनी डोळे दिपले आणि पुढे चाललेली बैलांची टायरगाडी मला अगदी जवळ येईपर्यंत दिसलीच नाही. गाडीला मागे दिवा नव्हता, हे खरे. मी ब्रेक दाबला तेव्हा दोन हातांचे अंतर उरले होते. गाडीवर गाठोड्यांच्या मधोमध एक मूल झोपलेले होते. ते जागेही झाले नाही. मी घरी आलो, हातपाय धुतले आणि जेवायला बसलो. पुढे डोळे तपासले तेव्हा दोन्हींत मोतीबिंदू निघाला.

पंचावन्नाच्या पुढे आपल्याकडे परवान्याचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे लागते. माझ्या प्रमाणपत्रावर एका डॉक्टरांनी चहा संपायच्या आत सही केली होती. कायद्यापुढे मी निर्दोष होतो. पण आम्ही वर्षभर भरवशाची गाडी शोधत होतो: इंजिन कोणते, दुरुस्ती गेवराईत होते की बीडला जावे लागते, सुटे भाग मिळतात की नाही. त्या सगळ्या यंत्रात सर्वांत बेभरवशाचा भाग मी स्वतः आहे, हे मी चौकशीतून वगळले होते.

उंच गाडीबाबत ही चूक अधिकच महाग पडते. आत बसणाऱ्याला ती सुरक्षित वाटते, कारण धोक्याचा वाटा ती बाहेरच्याकडे सरकवते. अमेरिकेतील महामार्ग-सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या विमा संस्थेने २०२३ मध्ये दाखवून दिले, की बॉनेट ४० इंचांहून उंच असलेले वाहन पादचाऱ्याला धडकले, तर ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या मोटारीपेक्षा त्याचा प्राण जाण्याचा संभव सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असतो. बुटकी मोटार पायांवर आदळते. उंच वाहन छातीवर. मी शोरूममधल्या गाडीपुढे उभा राहिलो. तिची कड पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या कपाळाच्या रेषेत येत होती. टायरगाडीवरचे ते मूल तेव्हा मला पुन्हा दिसले आणि त्याच संध्याकाळी मी पत्नीला सारे सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “अहो, गाडी घेऊ या, पण तुम्ही चालवणार असाल तर नको.”

हे ऐकून मला राग आला, हे कबूल केले पाहिजे. वृद्ध पुरुषाच्या हातातून किल्ली जाते तेव्हा नुसती किल्ली जात नाही. घरात कोठे, कधी आणि कोणासाठी निघायचे हे ठरवण्याचा अधिकार तिच्याबरोबर जातो. मुलांनी आपल्या वडिलांशी हा विषय काढण्याआधी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

शेवटी आम्ही साधीच, चासीवर बांधलेली, मागची बाकडी दुमडून माणूस निजवता येईल अशी गाडी घेतली. माझ्या डाव्या गुडघ्याला क्लच सोसत नाही, म्हणून आपोआप गिअर बदलणारी महागडी गाडी घ्यायचे माझ्या मनात होते. पण आता पुतण्या चालवणार असल्याने तो खर्च वाचला. मोतीबिंदूच्या दोन्ही शस्त्रक्रिया झाल्या आहेत. दिवसा गावातल्या गावात मी कधीमधी चालवतो. किल्ली पुतण्याच्या घरी खुंटीवर असते. श्रावणात एकदा रात्री त्याने ती कोणाला न विचारता काढली आणि वस्तीवरच्या एका बाळंतिणीला गेवराईला पोचवले. आम्हांला सकाळी चिखलाने माखलेली गाडी पाहून कळले.

परवा आम्हांला बीडला डॉक्टरांकडे जायचे होते आणि पुतण्या कापसाला पाणी द्यायला गेलेला. आम्ही दोघे तयार होऊन गाडीच्या आत बसलो, मी चालकाच्या शेजारच्या आसनावर. दीड तास वाट पाहिली. पत्नी मागे जपमाळ काढून शांत बसली होती. मी मात्र दर पाच मिनिटांनी त्या रिकाम्या आसनाकडे पाहून चरफडत होतो.