पाल भिंतीवरच बरी

पौष वद्य पंचमीच्या आदल्या रात्री तिरुवैयारुत मुक्काम होता. सकाळी त्यागराजांची आराधना. कावेरीकाठच्या मांडवातून तंबोऱ्यांचे सूर ऐकू येत होते. ज्या घरी उतरलो ते तंजावरी मराठी कुटुंब. पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलखात राहूनही चुलीपाशी मराठी बोलणारं. ओसरीवर ट्यूबलाइटखाली एक पाल पाकोळ्यांवर टपून बसली होती. ती चुकचुकली, तशी आजींनी जमिनीवर बोटानं तीनदा टकटक केली आणि ‘कृष्ण कृष्ण’ म्हणाल्या. शेजारी चेन्नईहून आलेला त्यांचा बारा वर्षांचा नातू फोन पुढे करत म्हणाला, “काका, ही बघा लेपर्ड गेको. बाबा वाढदिवसाला आणणार आहेत. काचेच्या पेटीत ठेवायची.”

दोघांचं बोलणं पालीबद्दलच होतं. पण डोक्यावर चार हात अंतरावर बसलेल्या पालीकडे दोघांपैकी एकानंही मान वर करून पाहिलं नाही. आपल्या समाजाचं या जिवाशी असलेलं नातं त्या ओसरीवर मला पुरतं दिसलं.

आधी आजींच्या बाजूनं पाहू. तमिळ माणूस तिला ‘पल्ली’ म्हणतो, आपण ‘पाल’, आणि पंचांगात तिचं नाव ‘पल्लीपतन’ या सदरात येतं. कुठल्या अवयवावर पडली तर कोणतं फळ, याचा तक्ता. पुरुषाला उजवं अंग शुभ, बाईला डावं. छतावरून निसटलेला चार ग्रॅमचा जीव खाली बाई आहे की पुरुष हे पाहून भविष्य ठरवतो, असं मानणाऱ्यांची पोरं आज संगणक शिकतात, आणि तोच तक्ता आता फोनवर वाचतात! कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळ मंदिरात छताला सोन्याची आणि रुप्याची पाल आहे. भाविक रांग लावून तिला हात लावतात, पालीच्या स्पर्शाचा दोष जावा म्हणून. धातूच्या पालीला स्पर्श केला तर पुण्य, जिवंत पालीचा झाला तर अंघोळ.

दुधात पाल पडली की विषबाधा होते, हा समजही तितकाच घट्ट. भारतातल्या एकाही पालीला विष नाही. तिच्या विष्ठेत आणि अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून अन्न झाकावं, ती पडलेलं अन्न टाकावं, हात धुवावेत. एवढं सांगितलं की पुरे. पण स्वच्छतेचा साधा नियम पाळण्यापेक्षा विषाची गोष्ट सांगणं आपल्याला सोपं वाटतं, आणि त्या गोष्टीपायी झाडू उगारला जातो. महाराष्ट्र-गुजरातच्या खडकाळ माळावर लेपर्ड गेकोची एक भाऊबंद जात राहते. जाड शेपटीची, ठिपक्यांची, रात्री हिंडणारी. तिलाही लोक जहरी समजून दगडानं ठेचतात.

आता नातवाची बाजू. तो पालीला भीत नाही, ही सुधारणाच म्हणायची. पण भीती जाऊन तिच्या जागी काय आलं? मालकी. त्याच्या फोनवरची पाल मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या डोंगराळ भागातली. दिवसा दगडाखालच्या ओलसर गारव्यात पडून राहायचं, रात्री बाहेर पडून किडे टिपायचे, लाभल्या दिवसांची चरबी शेपटीत साठवून पुढचे उपाशी दिवस काढायचे, असं तिचं जिणं. कावेरीच्या दमट खोऱ्यात तिला जगवायचं तर पेटीच्या एका टोकाला ३१-३२ अंश ऊब हवी, दुसरं टोक थंड हवं, कात टाकायला ओलसर कोपरा हवा, किड्यांवर कॅल्शियमची भुकटी हवी. ती चुकली की हाडं मऊ पडून पाय वाकतात. आणि आयुष्य पंधरा-वीस वर्षांचं. नातू बारा वर्षांचा. तो कॉलेजच्या वसतिगृहात गेल्यावर रातकिडे कोण घालणार? आजी?

“पण या रानातून धरलेल्या नसतात, पैदाशीच्याच असतात,” असं बाळगणारे म्हणतात. बऱ्याच अंशी ते खरं आहे. अंडी सुमारे २६ अंशांवर उबवली तर बहुतेक माद्या आणि ३२ च्या आसपास बहुतेक नर निपजतात, हे ज्ञानही अशा पैदाशीतूनच पक्कं झालं. ते मी नाकारत नाही. पण त्याच पैदाशीची दुसरी बाजूही पाहावी. ‘लेमन फ्रॉस्ट’ नावाचा एक फिकट पिवळा, चकाकता वाण काढला गेला, चढ्या भावानं विकला गेला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानं दाखवलं की तो रंग आणि त्या पालींना होणाऱ्या गाठी एकाच जनुकाशी जोडलेल्या आहेत. ‘एनिग्मा’ नावाच्या वाणात पाली मान वाकडी करून गोल गोल फिरतात, भक्ष्यावर नेम चुकतो. आपल्या डोळ्यांना गंमत वाटावी म्हणून एका जिवाच्या अंगात आजार पेरायचा, हे प्रेम म्हणायचं का? पंचांगवाला निदान पालीचं अंग बिघडवत नाही, फक्त आपलं डोकं बिघडवतो.

आणि जिथं पैदास परवडत नाही तिथं रान ओरबाडलं जातं. ईशान्य भारतातल्या टोके पालीचं उदाहरण ताजं आहे. तिच्यापासून एड्सवर औषध होतं अशी अफवा पसरली आणि पाली पोत्यांतून सीमेपार जाऊ लागल्या. औषध कुणालाच मिळालं नाही. २०१९ मध्ये साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तिला घालावं लागलं. आपल्या वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. साइट्सच्या यादीतले परदेशी जीव बाळगणाऱ्यांना नोंदणी बंधनकारक करणारे नियम २०२४ मध्ये आले. कायदा एवढं करू शकतो. हौसेला वळण लावणं हे कायद्याचं काम नव्हे, ते घरातल्या मोठ्यांचं.

मग मुलानं करायचं काय? पाहायचं. ‘नुसतं पाहून काय होतं’ असं वाटणाऱ्यांनी याच तमिळनाडूतली एक गोष्ट ऐकावी. श्रीविल्लिपुत्तूरच्या डोंगरपायथ्याशी अक्षय खांडेकर, तेजस ठाकरे आणि ईशान अगरवाल यांनी खडकांवरच्या पाली बारकाईनं धुंडाळल्या. एका जातीच्या नराचं डोकं पिवळं, पाठीवर फिकट निळे ठिपके. व्हॅन गॉगच्या तारांकित रात्रीच्या चित्राची आठवण यावी असे रंग. २०२४ मध्ये त्यांनी तिला व्हॅन गॉगचंच नाव देऊन जगापुढे मांडलं. ही पाल जेमतेम ३८ मिलिमीटर, शेपटी सोडून. ती युगानुयुगं तिथंच होती, पाहणारे डोळे तेवढे नव्हते. शास्त्रीय वर्णनासाठी परवानगीनं मोजके नमुने घ्यावे लागतात, हे खरं. पण ते संग्रहात जातात आणि पुढच्या प्रत्येक अभ्यासकाला उपयोगी पडतात, दिवाणखान्याची शोभा होत नाहीत.

आपण तर या बाबतीत परके नाही. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांनी पशुपक्ष्यांची चित्रं काढवून घेतली, ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकातून रयतेला भूगोल सांगितला. निरखून पाहणं आणि पाहिलेलं इतरांना सांगणं ही वाट इथल्या मराठी माणसानं दोनशे वर्षांपूर्वी धरली होती. याच सरफोजींनी त्यागराजांना दरबारी बोलावलं आणि त्यांनी धनाकडे पाठ फिरवून नकार दिला, असं परंपरा सांगते. राजाला गाणं आवडत होतं, यात शंका नाही. पण आवडतं म्हणून जवळ आणून ठेवायचं, ही ओढ गाणाऱ्यानं ओळखली. तो तिरुवैयारुतच राहिला, आणि ज्याला ऐकायचं तो तिथं येऊ लागला. आजही येतो.

पालीनं आपल्या घरी राहायचं ठरवलंच आहे, तेही फुकट. माळावर गेलात तर उलटलेला दगड होता तसा ठेवा, शेपटीला हात लावू नका, ठिकाणाचा पत्ता फोनवरून गावभर करू नका. घरी तर एक बॅटरी आणि वही पुरे.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी नातवाला भिंतीखाली उभं केलं. बॅटरीचा उजेड तिरपा धरला. पालीनं पाकोळी गिळली आणि लांब जीभ काढून स्वतःचा डोळा पुसला. मुलगा दचकला. “पापणी नाही हिला?” नाही. “फोनवरची तर डोळे मिटत होती.” लेपर्ड गेकोला पापण्या असतात, म्हटलं, पण बोटांना चिकटगाद्या नसतात, काचेवर ती चढू शकत नाही. या भिंतीवरचीच्या पावलांखाली मात्र नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या केसांचं रान आहे. टोके पालीच्या एका पावलावर असे सुमारे पाच लाख केस मोजले गेले आहेत.

आजी आत जाता जाता थांबल्या. पाल पुन्हा चुकचुकली. त्यांचं बोट सवयीनं खाली गेलं, पण नातवानं हात धरला. “आजी, थांब. दुसरीनं उत्तर दिलं बघ, कॅलेंडरमागून.” आम्ही तिघंही वर पाहत राहिलो. पेटीचा हट्ट त्यानं सोडला नव्हता. पण झोपायला जाण्याआधी वहीत त्यानं वेळ लिहिली, नऊ वाजून चाळीस, आणि पुढे दोन पाली.