खाडीपलीकडचा माणूस

बोरिवलीतला नोकरदार सकाळच्या अर्ध्या तासात दोन तऱ्हांनी वागतो. बेस्टच्या थांब्यावर तो निमूट रांगेत उभा राहतो. मध्ये घुसणाऱ्याला "ओ काका, रांग आहे इथे" असं सुनावतोही. मग स्टेशनात येतो आणि चर्चगेटची रिकामी लोकल फलाटाला लागते न लागते तोच चालत्या गाडीत उडी मारून खिडकी पकडतो. हा माणूस शिस्तीचा की बेशिस्त? संस्कार, नागरी जाणीव, मुंबईकराचा स्वभाव हे शब्द आपण अशा वेळी फार सैल हाताने वापरतो. वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ त्यांतला एकही वापरणार नाही. तो एवढंच विचारील, की थांबल्यावर काय मिळतं? बसच्या रांगेत थांबणाऱ्याला बस मिळते. फलाटावर थांबणाऱ्याला चर्चगेटपर्यंत उभं राहायला मिळतं.

हे विचारायला एडवर्ड थॉर्नडाइकच्या मांजरांनी शिकवलं. १८९८ साली त्याने उपाशी मांजरं पिंजऱ्यात कोंडली. धडपडताना कळ चुकून दाबली गेली की दार उघडायचं आणि बाहेर मासळीचा तुकडा असायचा. खेपेगणिक मांजराला सुटायला कमी वेळ लागू लागला. पुढे बी. एफ. स्किनरने या निरीक्षणाचं शास्त्र केलं. कृतीच्या पाठोपाठ जे येतं त्याने ती कृती पुन्हा होण्याची शक्यता वाढली, तर ते प्रबलन. हवंसं काही मिळणं हे धन प्रबलन, नकोसं काही टळणं हे ऋण प्रबलन. ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा, असं उत्तर विद्यार्थी हमखास लिहून येतात. पण शिक्षेने वागणं घटतं, ऋण प्रबलनाने ते वाढतं. शिक्षेवर स्किनरचा फारसा विश्वासही नव्हता. का, ते कुठल्याही सिग्नलच्या अलीकडे पाहावं: हवालदार दिसला की हेल्मेट हातातून डोक्यावर जातं आणि चौक ओलांडला की परत हातात येतं.

प्रबलन थांबलं तर शिकलेलं वागणं हळूहळू विझतं. याला विलोपन म्हणतात. मात्र विझण्याआधी ते भडकतं. खेळण्यांच्या दुकानासमोर लोळण घेणाऱ्या पोराकडे दुर्लक्ष केलं की रडणं आधी वाढतं, आणि नेमक्या त्या टिपेच्या क्षणी आईबाप खिशात हात घालतात. पोराच्या पदरी धडा पडतो तो याहून मोठ्याने रडण्याचा. त्यातही बक्षीस कधी मिळतं, कधी नाही, असं असेल तर ती सवय सर्वांत चिवट. स्किनर आणि फर्स्टर यांनी १९५७ साली कबुतरांच्या अशा नोंदींचा जाडजूड ग्रंथ काढला. मुंबईत थोड्याच वर्षांत मटका फोफावला. हे गणित मटकेवाल्यांना ग्रंथ न वाचताच ठाऊक होतं.

हे शास्त्र प्रत्यक्ष पाहायचं तर बोरिवलीच्या गोराई जेट्टीवरून बोटीने खाडी ओलांडावी. पलीकडे खारफुटी, कोळी आणि ईस्ट इंडियन वस्तीचं जुनं गाव, आणि त्याच मुलखात अगदी शेजारी शेजारी उभ्या राहिलेल्या दोन वास्तू. १९८९ साली एस्सेलवर्ल्ड सुरू झालं. पाळणे, घसरगुंड्या, किंचाळ्या. मुंबईच्या एका पिढीची शाळेची सहल. तिथला आनंद तिकिटावर आणि ताबडतोब मिळायचा, आणि उशिरा मिळणाऱ्या मोठ्या बक्षिसापेक्षा ताबडतोब मिळणारं छोटं बक्षीस वागण्यावर जास्त पकड ठेवतं. एस्सेल समूहाचे सुभाष चंद्र यांनी त्याच परिसरातली जमीन दान दिली आणि तिच्यावर ग्लोबल विपश्यना पॅगोडा उभा राहिला. ८ फेब्रुवारी २००९ रोजी तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांनी त्याचं उद्घाटन केलं. उंची सुमारे ३२५ फूट. आतला घुमट एकही खांब न लावता दगडात दगड अडकवून पेललेला, त्याखाली आठ हजार माणसं ध्यानाला बसू शकतात. २०२२ मध्ये एस्सेलवर्ल्ड बंद झालं, पॅगोडा आहे. यातून कुणी आध्यात्मिक विजयाची गोष्ट काढू नये. पाणखेळांचं वॉटर किंगडम तिथेच गर्दी खेचतं.

पॅगोड्यामागचे प्रवर्तक सत्यनारायण गोएंका यांची कहाणी वर्तनशास्त्राच्या वर्गात शिकवण्याजोगी आहे. म्यानमारमधले हे तरुण उद्योगपती अर्धशिशीने हैराण होते. कळ उठली की मॉर्फिन, आणि कळ शमायची. ऋण प्रबलनाचं याहून स्वच्छ उदाहरण सापडणार नाही. या मार्गाने आपण मॉर्फिनच्याच आहारी जाऊ ही भीती होती. परदेशातल्या डॉक्टरांनीही हात टेकले. १९५५ साली ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे गृहस्थ सरकारचे महालेखापाल आणि विपश्यनेचे आचार्य. डोकेदुखी घालवायला येत असाल तर येऊ नका, असं त्यांनी आधी सांगितलं. त्यांच्याकडूनच विपश्यना शिकून १९६९ मध्ये गोएंका भारतात आले आणि त्यांचं इथलं पहिलं शिबिर मुंबईतच झालं. १९७६ मध्ये इगतपुरीचं धम्मगिरी हे साधना केंद्र सुरू झालं.

गोराईला पॅगोड्याच्या आवारात धम्मपत्तन केंद्रावर दहा दिवसांची शिबिरं होतात. त्यांची रचना वर्तनतज्ज्ञाच्या नजरेने पाहिली तर थक्क व्हायला होतं. मोबाइल, पुस्तक, वही-पेन सगळं आल्या आल्या जमा. बोलणं बंद, खाणाखुणाही बंद. स्त्री-पुरुष वेगळे. पहाटे चारला घंटा, अकराला जेवण, नव्या साधकाला संध्याकाळी चहा आणि फळ. सवयीला चाळवणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट खाडीच्या अलीकडे ठेवली जाते. शास्त्रात याला उद्दीपक-नियंत्रण म्हणतात. आपल्या बिस्किटांच्या डब्यापुरतं करायचं तरी आपण थकतो. शिकवणंही पायरीपायरीने: पहिले तीन दिवस नुसता श्वास, तोही नाकपुड्यांच्या आसपास, लक्ष्याची जागा लहान लहान करत, मग चौथ्या दिवशी शरीरभरच्या संवेदना. अवघड वर्तन तुकड्यातुकड्याने घडवण्याच्या या रीतीला आकारण म्हणतात. फी नाही, दान घेतात ते शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच.

सगळ्याचा गाभा मात्र अधिष्ठानाच्या तासात आहे. दिवसातून तीन वेळा तासभर बसायचं. हात, पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. दहाव्या मिनिटाला नाकाच्या शेंड्यावर खाज येते. एरवी हात कधी वर गेला ते कळतही नाही. खाज, खाजवणं, आराम. दिवसातून शेकडो वेळा घट्ट होत गेलेली साखळी. इथे हात मांडीवरच राहतो. खाज वाढते, असह्य वाटते, आणि मग आपली आपणच ओसरते. सूचना एवढीच, की पाहा आणि प्रतिक्रिया देऊ नका. व्हिक्टर मायर या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली मंत्रचळाच्या रुग्णांवर असाच उपचार प्रसिद्ध केला. हात घाण झाल्याची भीती उद्भवू द्यायची आणि धुवायला जाऊ द्यायचं नाही. भीतीही आपोआप उतरते, आणि धुण्याशिवाय उतरते हे माणसाला अनुभवाने कळतं. अडीच हजार वर्षांची परंपरा आणि इस्पितळातला उपचार इथे चमत्कारिकरीत्या जवळ येतात.

ही तुलना साधकांना रुचणार नाही. त्यांचं ध्येय मुक्ती. सिगारेट सुटणं, राग कमी होणं ही वाटेवरची चिल्लर. त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. पण चिल्लरीचाही हिशेब व्हावा, कारण बहुतेक माणसं तिथे रागासाठी, झोपेसाठी, दारूसाठीच जातात. शिवाय दहा दिवसांचं मौन प्रत्येकाला झेपतंच असं नाही. मनोविकाराचा इतिहास असेल तर अर्जात तो लिहावा लागतो, आणि तो लपवणं धोक्याचं.

माझा प्रश्न परतीच्या बोटीचा आहे. अकराव्या दिवशी सकाळी मोबाइल हातात मिळतो. बोट बोरिवलीच्या धक्क्याला लागेपर्यंत ऑफिसचा ग्रुप, थकलेला हप्ता, भावाचा जुना वाद सगळं पडद्यावर हजर होतं. जिथे चिडणं शिकलो तो जिना, तो साहेब, ते स्वयंपाकघर, कशालाच शिबिराला नेलेलं नसतं. एका ठिकाणी शिकलेलं वर्तन दुसरीकडे टिकणं म्हणजे सामान्यीकरण, आणि ते आपोआप होत नाही. ट्रेव्हर स्टोक्स आणि डोनाल्ड बेअर यांनी १९७७ साली शेकडो प्रयोग चाळून दाखवलं, की बहुतेक उपचारक माणसाला शिकवतात आणि पुढे ते टिकेल अशी नुसती आशा बाळगतात. रांगेतला आणि लोकलमधला माणूस एकच असतो हे मानायला आपण जितके तयार, तितकेच शिबिरातला आणि घरातला माणूसही एकच राहील हे मानायला. दोन्ही समजुती सारख्याच भाबड्या. गोएंकांना हे चांगलं ठाऊक असावं. सकाळ-संध्याकाळ तासभर साधना, आठवड्याला सामूहिक बैठक, वर्षाला एक शिबिर हा त्यांचा आग्रह, आणि पॅगोड्यात जुन्या साधकांसाठी चालणारी एकदिवसीय शिबिरं, या सगळ्याचं काम तेच. मात्र हा भारही सगळा साधकाच्याच खांद्यावर.

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने दुसरी, म्हणजे घरची बाजूही धरली. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने १९८६ साली ते सुरू केलं. तिथे दारू सोडायला आलेल्यासोबत घरच्यांशीही काम होतं. हे फार महत्त्वाचं आहे. नवरा पिऊन आल्यावर साहेबांना "ताप आहे" असा फोन करणारी बायको प्रेमाने वागत असते, आणि पिण्याचा परिणाम त्याच्यापर्यंत पोचू देत नसते. ती बदलली की त्याच्या कृतीच्या पाठोपाठ येणारी गोष्ट बदलते. बरा झालेला माणूस परततो ते निदान थोड्या वेगळ्या घरात.

याच प्रश्नाचं आणखी एक उत्तर अमेरिकेत शोधलं गेलं. सिअ‍ॅटलच्या एका तुरुंगात १९९७ पासून गोएंकांच्या पद्धतीची दहा दिवसांची शिबिरं झाली. व्यसनतज्ज्ञ अ‍ॅलन मार्लॅट यांच्या गटाने ती केलेल्या कैद्यांचा सुटकेनंतर तीन महिन्यांनी माग घेतला. नेहमीचा उपचार घेतलेल्यांपेक्षा त्यांचं दारू आणि कोकेनचं सेवन कमी आढळलं. कैदी आपणहून शिबिराला बसले होते, म्हणून या निष्कर्षावर सगळा भार टाकता येत नाही, हे संशोधकांनाही माहीत होतं. त्यांनी पुढे जो उपचार बेतला त्यात दहा दिवसांचा एकांत ठेवलाच नाही. आठ आठवडे, आठवड्यातून एकदा दोन तास. मधले सहा दिवस माणूस आपल्याच गल्लीत, आपल्याच गुत्त्यावरून जात-येत असतो. तलफ उठली की तिथेच थांबून तिची लाट चढताना आणि उतरताना पाहायची, आणि पुढच्या आठवड्यात काय झालं ते गटात सांगायचं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, वर्षभरानंतर, हा उपचार घेतलेल्यांचे बेसुमार पिण्याचे दिवस इतर गटांपेक्षा कमी निघाले.