निवृत्ती कशाची?

साठी उलटली, नातवंडे मांडीवर खेळू लागली, म्हणजे माणसाने हातपाय हलविण्याचे प्रयोजन संपले. त्याने नामस्मरण करीत बसावे आणि त्याला लागेल ते मुलासुनांनी हातात आणून द्यावे, ही समजूत आपल्या घरांत इतकी मुरलेली आहे की ती धर्माचीच आज्ञा वाटावी. परंतु शास्त्राला अभिप्रेत असलेली निवृत्ती ती हीच काय?

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायातला वानप्रस्थ आपली कंदमुळे आपणच गोळा करतो, भूमीवर निजतो आणि पंचमहायज्ञ चुकवीत नाही; संन्याशाला तर चातुर्मासाखेरीज एके ठिकाणी फार काळ मुक्काम करण्याची मुभा नाही. म्हणजे आयुष्याचे शेवटचे दोन्ही आश्रम बसून काढण्याचे नव्हतेच. शरीरयात्रादेखील कर्मावाचून चालत नाही हे गीतेच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे, आणि शंभर वर्षे जगण्याची इच्छा करावी ती कर्मे करीतच, असा ईशोपनिषदाचा आदेश आहे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकमान्यांनी ज्ञानोत्तरही कर्म सुटत नाही असे प्रतिपादन केले, ते लोकसंग्रहाच्या विशाल क्षेत्रासाठी; मला तो सिद्धांत वृद्धाच्या न्हाणीपर्यंत आणि अंथरुणापर्यंत नेणे अगत्याचे वाटते.

कारण वार्धक्याचे खरे रणक्षेत्र तेच आहे. सिडनी कॅट्झ या अमेरिकन वैद्याने आपल्या सहकाऱ्यांसह १९६३ साली वृद्धांचे स्वावलंबन मोजण्यासाठी सहा क्रिया निश्चित केल्या: स्नान, वस्त्र नेसणे, शौचास जाणे, अंथरुणातून वा खुर्चीतून उठणे, मलमूत्राचा संयम आणि स्वहस्ते जेवणे. आपल्या आन्हिकाचा आरंभही बहुतांशी याच क्रियांनी होतो. निरोगी वृद्धांनाही दहा दिवस अंथरुणावर निजवून ठेवले असता त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो मांस झडले, असे एका प्रयोगात आढळले आहे. उलटपक्षी, अमेरिकेत सत्तर ते एकोणनव्वद वर्षांच्या १,६३५ बैठ्या स्त्रीपुरुषांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नियमाने चालणाऱ्या व बळाचा आणि तोल सांभाळण्याचा व्यायाम करणाऱ्या गटात, चारशे मीटर चालण्याची शक्ती गमावण्याचे प्रमाण कमी राहिले. देह आपल्या मालकीचा नाही, हे तत्त्वज्ञान खरेच. तो आपल्याकडे केवळ वहिवाटीस दिलेला आहे. पण ज्या जमिनीची वहिवाट सुटते तिच्यावरचा हक्क कसा हळूहळू निसटतो, हे गावोगावच्या लोकांना ठाऊक आहे.

आपल्या घरांत मात्र नेमका उलटा व्यवहार चालतो. तिजोरीच्या किल्ल्या कमरेला राहतात, लग्नकार्यातला शेवटचा शब्द वडीलधाऱ्यांचाच राहतो, आणि तुळशीला पाणी घालायला निघालेल्या आजींच्या हातचा तांब्या मात्र “आजी, तुम्ही बसा, मी घालते” असे म्हणून मायेने काढून घेतला जातो. सहाणेवर गंध उगाळणारे मनगट, तांदूळ निवडणारी बोटे, जमिनीवरून हाताचा टेकू न घेता उठणारे गुडघे, ही सारी एकामागून एक आदरपूर्वक सेवामुक्त होतात. सोडायची होती ती मुखत्यारी. सुटले ते कर्म.

यावर कोणी म्हणेल की ही देहासक्तीच झाली. परंतु आसक्ती फलात असते, आन्हिकात नसते. उद्या देह राहणार नाही हे जाणूनही आज आपले धोतर आपण पिळणारा वृद्ध देहाला कवटाळीत नाही, त्याच्याकडून त्याचे काम तेवढे करून घेतो. ज्याचे अंग लुळे पडले त्याची योग्यता अर्थातच तिळभरही उणी होत नाही. त्याने दुसऱ्याचा हात निःसंकोच घ्यावा, कारण साहाय्य स्वीकारणे हेही अहंकारत्यागाचेच एक रूप आहे. पण त्यालाही जो घास स्वतः उचलता येतो तो आपण भरवू नये, मग जेवणाला दुप्पट वेळ लागला तरी बेहत्तर. वृद्धाने सत्ता सोडावी आणि श्रम राखावेत. घरच्यांनी सत्तेचा भार उचलावा आणि श्रमाला वाट मोकळी ठेवावी. ही धर्माची वाटणी आहे, आणि ज्या सेवेने वडिलांची शक्ती तिच्या वेळेआधी जाते, त्या सेवेला पुण्य म्हणण्याचे आपण थांबविले पाहिजे.