विद्यार्थ्याची सुटी कोणाची?

उन्हाळ्याची सुटी ही पूर्वी विद्यार्थ्याच्या आयुष्यातील बिनहिशेबी जागा असे. शेवटचा पेपर टाकला की वळकटी बांधावी, नांदेडहून लाल मोटार धरावी, लोहा, अहमदपूर, चाकूर अशी गावे मागे टाकीत लातूर गाठावे, तेथून आपल्या खेड्यास जावे आणि आंब्याच्या अढीशेजारी पडून हाती येईल ते पुस्तक वाचावे. वडिलांनी हाक मारली तर औतामागे जावे. न मारली तर झोपावे. ह्या रिकामपणाचा जाब कोणी विचारीत नसे. सांप्रत मात्र ह्याच आठ आठवड्यांवर तीन सावकारांनी आपापली खते लिहून ठेवली आहेत, आणि तिघांचीही मुदत एकाच वेळी भरते.

पहिला सावकार विज्ञान. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर इंटर्नशिपला अभ्यासक्रमातच श्रेयांक मिळू लागले. बंगळूर, दिल्ली व प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी मिळून विद्यार्थ्यांना उन्हाळी संशोधनवृत्त्या देत आल्या आहेत, आणि त्यांची स्वप्ने आमच्याकडील मुलेही पाहतात. दुसरा सावकार सेवा. राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 37 विद्यापीठांत सुरू झाली. तिच्या स्वयंसेवकाने वर्षास 120 तास काम करावे व एकदा सात दिवसांच्या शिबिरास जावे, असा दंडक आहे. तिसरा सावकार प्रवास. ह्याच्यापाशी कागद नाही, पण तगादा मोठा. कारण जो तरुण कोठे गेला नाही त्यास आज त्याचे सोबतीच अर्धशिक्षित समजतात.

ह्या तिघांत 'समतोल' राखावा, असा उपदेश विद्यार्थ्यांस सर्वत्र केला जातो. आम्हांस हा शब्द तितकासा विश्वासाचा वाटत नाही. तराजू एका जातीच्या वस्तू तोलतो. जोंधळ्यास मापाचे वजन चालते, दिलेल्या शब्दास चालत नाही. ही शंका आम्हांस पुस्तकात सापडलेली नाही. एका विद्यार्थिनीने ती आमच्यापुढे आणून ठेविली.

ही मुलगी लातूर जिल्ह्यातील एका खेड्याची. नांदेडास राहून भूशास्त्राचा अभ्यास करणारी. गोदावरीकाठच्या एका वस्तीत ती वर्षभर दर रविवारी सकाळी मुलांना गणित शिकवीत असे. तिला हैदराबादेच्या एका प्रयोगशाळेतून दोन महिन्यांकरिता बोलावणे आले. जाणे योग्य की अयोग्य, असे तिने आम्हांस विचारले. आम्ही क्षणाचाही विचार न करता 'अवश्य जा' असे सांगून टाकले, आणि आधारास किल्लारीचे उदाहरण दिले.

ते उदाहरण असे. 30 सप्टेंबर 1993 रोजी, गणेशविसर्जनाची रात्र सरून पहाटेचे चार वाजण्याच्या सुमारास, किल्लारीच्या आसपासची भूमी हादरली. भूकंपाचे मान 6.2 च्या आसपास. मृत्यू दहा हजारांच्या घरात. माणसे मेली ती मुख्यतः आपल्याच घरांखाली. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे वजनदार धाबे, ही रचना उन्हाळ्यात थंडावा देई. त्या पहाटे तीच थडगे झाली. पुढच्या दिवसांत तरुणांचे जथेच्या जथे तेथे गेले. त्यांनी दगड उपसले, प्रेते काढली, सरणे रचली. मदतीच्या गर्दीत बघ्यांचीही गर्दी मिसळली होती. परंतु ज्यांनी हात काळे केले त्यांच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. तथापि त्या हातांना एक गोष्ट करता येण्यासारखी नव्हती. भूकंपाच्या तत्कालीन नकाशात हा मुलूख सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगविलेला होता. आदल्या वर्षी, 1992 मध्ये, येथे लहानसहान धक्के बसले होते; त्यांचा अर्थ लावणारे कोणी पुरेशा संख्येने जवळ नव्हते. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीस खोल भोक पाडले, तेव्हा 300 मीटरांहून अधिक जाडीचा काळा खडक भेदून खालचा पुरातन पाषाण हाती आला. 2002 च्या नव्या नकाशात ह्या भागाचा पट्टा बदलला. भिंतीत सिमेंटसळयांचा बंध का घालावा, हे ज्ञान अशाच संथ कामातून जमते. तेव्हा प्रयोगशाळेत बसणारी मुलगी सेवा सोडून जात नाही. ती उशिरा पोचणारी सेवा करते. असा आमचा युक्तिवाद होता, आणि तो आम्हांस बिनतोड वाटला होता.

तिने शांतपणे उत्तर दिले, 'सर, मी गेले नाही तर त्या प्रयोगशाळेत माझ्या जागी दुसरे कोणी तरी येईल. वस्तीत माझ्या जागी कोणी येणार नाही.'

ह्या वाक्याने आमची वाचा बसली, हे कबूल केले पाहिजे. ज्ञानाच्या क्षेत्रात माणूस बहुधा बदलता येतो. एकाने टाकलेले काम दुसरा उचलतो. रविवारी सकाळी फळा पुसून वाट पाहणाऱ्या मुलास मात्र 'शिक्षक' ही जात ठाऊक नसते, एकच व्यक्ती ठाऊक असते. उलट पक्षी, किल्लारीजवळच्या खेड्यातील मुलीने भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत पाऊल ठेवणे ही गोष्टही कोणीही केली तरी चालेल अशी नव्हे. खालचा खडक कोणी मोजावा, ह्यास काहीच अर्थ नाही काय? ज्यांच्या घरी त्या पहाटेच्या आठवणी आहेत त्यांनी मोजावा, असे आम्हांस वाटते. पण हे वाटणे आहे, प्रमाण नव्हे.

येथे आणखी एका पक्षाचे म्हणणे ऐकले पाहिजे, ते आईबापांचे. लातूर व नांदेड ही शिकवणीवर्गांची गावे झाली आहेत. 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रभर गेला. ज्या बापाने सोयाबीनच्या भावाकडे डोळे लावून शिकवणीची फी भरली, त्यास मुलीचा फुकट गेलेला रविवार टोचतो, आणि बिनवेतनाची इंटर्नशिपही टोचते. हैदराबादेस दोन महिन्यांचे खोलीभाडे व खाणावळ कोणी द्यावयाची? जी संधी भाडे भरू शकणाऱ्यासच मिळते तिला गुणवत्तेची खूण म्हणणे, हा ह्या काळातील एक सभ्य खोटेपणा आहे. ह्या मुलीस सुदैवाने निर्वाहवेतन होते. नसते तर आमच्या किल्लारीच्या व्याख्यानाचा तिला काडीचाही उपयोग नव्हता.

सेवेविषयी शास्त्रीय मंडळी म्हणतात की, जिला गुण मिळतात ती सेवाच नव्हे. आम्ही इतके सोवळे नाही. प्रमाणपत्राच्या लोभाने शिबिरास गेलेला मुलगा बांध घालताना खरोखर घाम गाळतो, आणि घामास हेतू विचारता येत नाही. खरी परीक्षा एकशे एकविसाव्या तासाची. तो कोणी मोजीत नाही. नांदेडकरांस ह्याचा दाखला शोधावयास लांब जावे लागत नाही. गुरू गोविंदसिंग 1708 मध्ये येथे निवर्तले. त्यांच्या सचखंड हुजूर साहिब गुरुद्वारात दूर पंजाबातून आलेला यात्रेकरू लंगरात भांडी घासतो, लोकांचे जोडे सांभाळतो, आणि कोणत्याही वहीत नाव न नोंदविता परत जातो. प्रवास व सेवा ह्यांचा तंटा त्याच्यापुरता तरी मिटलेला असतो. आमचे विद्यार्थी मात्र अमृतसरला जाऊन छायाचित्रे काढून येतात. (त्यांना नावे ठेवण्याचा आम्हांस अधिकार नाही, आम्ही स्वतः नांदेडात इतकी वर्षे राहून ते जोडे एकदाही उचललेले नाहीत.)

एक काळ असा होता की हा प्रश्नच पडत नसे. 1938 साली 'वंदे मातरम्' म्हणण्याच्या हक्कासाठी उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी शिक्षणावर पाणी सोडले. नागपूर विद्यापीठाने त्यांतील कित्येकांस आश्रय दिला. नांदेडचे विद्यापीठ ज्यांच्या नावाने 17 सप्टेंबर 1994 रोजी स्थापन झाले, ते स्वामी रामानंद तीर्थ त्याच संग्रामाचे नेते. तेव्हाची निवड 'हे किंवा ते' अशी होती. आज ती 'हेही आणि तेही' अशी आहे. पहिली कठीण खरी, परंतु तीत स्वतःस फसविण्यास जागा थोडी. 'हेही आणि तेही' म्हणणाऱ्यास प्रत्येक ठिकाणाहून निघताना दुसऱ्या ठिकाणचे कारण तयार मिळते.

ती मुलगी शेवटी हैदराबादेस गेली. आमच्या सांगण्यावरून मात्र नव्हे. जाण्यापूर्वीचे तीन रविवार तिने वस्तीतील दहावी झालेल्या एका मुलीस हाताशी घेतले, आणि मुलांना परतण्याचा दिवस बोटांवर मोजून दाखविला. सुटी टाकावयाची झाली तरी शब्द टाकावयाचा नाही, एवढे तिने आपल्यापुरते ठरविले असावे.

जुलैत ती ठरल्या दिवशी वस्तीत गेली. वर्ग चालू होता. मुले निम्मी राहिली होती, पण जी होती ती नव्या ताईस चिकटली होती. भागाकार ती वेगळ्याच रीतीने, वस्तीतल्या किराणा दुकानाच्या उधारीवरून शिकवीत होती, आणि तो मुलांना येत होता. हिला पाहून मुलांनी हसून नमस्कार केला व पुन्हा पाटीत डोके घातले. ते आपल्या मनास फार लागले, हे तिने आमच्यापाशी लपविले नाही. मागच्या ओळीत बसून तिने तो तास संपेपर्यंत ऐकला, आणि पुढच्या रविवारी जावे की नाही, हे विचारावयास ती पुन्हा आमच्याकडे आली. ह्या वेळी आम्ही उत्तर देण्याची घाई केली नाही.